पक्षाघात मेंदूत, मग उपचार फुफ्फुसावर का?

प्रश्न असा आहे: "माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखूचं व्यसन नाही. दोन महिन्यांपूर्वी सकाळी त्याच्या हातातून चहाचा कप गळून पडला, बोबडी वळली, उजवा हात लुळा पडला. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला लहानसा पक्षाघात निघाला. हात आता बराच सुधारलाय. कारण शोधताना छातीचा सीटी झाला. त्यात उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात 'पल्मनरी एव्हीएम, फीडिंग आर्टरी ५ मिमी' असं आलंय. डॉक्टर म्हणतात, कॉइल घालून बंद करू. पण त्याला ना दम लागतो, ना खोकला आहे. मेंदूच्या आजारासाठी फुफ्फुसात तार कशाला घालायची? गोळ्यांवर भागणार नाही का? आणि एक सहज विचारते. आमच्या वडिलांचा घोळणा कायम फुटायचा, माझाही फुटतो. त्याचा काही संबंध? मला पाच वर्षांची मुलगी आहे."

ताई, तुम्ही जे सहज विचारलंय, माझ्या दृष्टीने तो तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याकडे सावकाश येतो. मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे शरीर न उघडता, एक्स-रेच्या पडद्यावर बघत रक्तवाहिन्यांमधून तारा आणि नळ्या फिरवणारा डॉक्टर. बावीस वर्षं हेच करतोय. भावाबद्दलचं उत्तर एका वाक्यात हवं असेल तर: हो, बंद करून घ्या, आणि त्याला दम लागण्याची वाट बघू नका.

आता कारण. फुफ्फुस हवा भरण्यासाठी असतं हे शाळेत शिकवतात. ते रक्ताची गाळणीसुद्धा आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. सगळ्या शरीरातून परत आलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूने फुफ्फुसात जातं, तिथल्या अतिसूक्ष्म केशवाहिन्यांमधून झिरपतं आणि मग डाव्या बाजूने मेंदूकडे व इतर अवयवांकडे निघतं. या केशवाहिन्या जेमतेम एका लाल पेशीला वाट देतील एवढ्याच असतात. पायाच्या शिरांमध्ये बारीकसारीक गुठळ्या तुमच्या-माझ्याही होत असतात. त्या येऊन या गाळणीत अडकतात, तिथेच विरघळतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. दात घासताना हिरडीतून रक्तात शिरलेल्या जंतूंचाही बहुतेक बंदोबस्त तिथेच होतो.

एव्हीएम म्हणजे या गाळणीला पडलेलं भोक. फुफ्फुसाची धमनी केशवाहिन्यांत न विभागता सरळ शिरेला जाऊन मिळते आणि त्या जागी फुगवटा, म्हणजे सॅक, तयार होतो. चहाच्या गाळणीला एकच भोक असलं तरी पत्ती कपात यायची ती येतेच. भावाच्या रिपोर्टमधली 'फीडिंग आर्टरी', म्हणजे या भोकाला रक्त आणणारी ५ मिलिमीटरची धमनी, ही केशवाहिनीच्या किमान पाचशे पट रुंद आहे. पायातून सुटलेली दोन मिलिमीटरची गुठळी तिथून आरामात निघते आणि थेट मेंदूच्या धमनीत जाऊन बसते. जंतूंचा झुपका गेला तर मेंदूत पू होतो, म्हणजे ब्रेन ॲब्सेस. म्हणून उपचार फुफ्फुसावर. मेंदूत जे घडलं तो परिणाम होता, वाट इथली आहे.

"पण त्याला काही त्रासच नाही" हे वाक्य मी दर दोन-तीन महिन्यांनी ऐकतो. दम लागणं हे भोकातून किती रक्त न गाळता पळतंय यावर ठरतं. ५ मिलिमीटरच्या एका वाहिनीतून एकूण रक्तापैकी थोडंच रक्त पळतं. त्यामुळे ऑक्सिमीटर ९६-९७ दाखवेल आणि भाऊ जिने चढेल, क्रिकेटही खेळेल. गुठळीला मात्र एकदाच जायचं असतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या क्लेअर शॉव्हलिन यांच्या गटाने अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यात पक्षाघाताचा धोका आणि एव्हीएमचा आकार यांचा सरळ संबंध लागला नाही. म्हणजे "लहान आहे, त्रास नाही, बघू पुढे" या विचाराला आधार नाही. उपचार न झालेल्या रुग्णांत ढोबळमानाने दहातल्या एकाला कधी ना कधी पक्षाघात होतो, आणि तो अनेकदा ऐन उमेदीत. मेंदूतला पू त्याहून थोडा कमी आढळतो, पण झाला तर जास्त घातक. भावाला तर एकदा होऊन गेलाय. त्याच्या बाबतीत ही नुसती शक्यता राहिलेली नाही, घडलेली गोष्ट आहे.

मोठ्या एव्हीएमचं चित्र वेगळं. २०२०-२१ मध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आले, तेव्हा माझ्याकडे एक तरुण आला. ना ताप, ना खोकला, कोविडची तपासणी तीनदा निगेटिव्ह, आणि सॅच्युरेशन ८९. घरच्यांनी धास्तीने दोन मशिनं बदलून पाहिली. झोपला की ९३, उभा राहिला की ८७. उभं राहिल्यावर रक्त गुरुत्वाकर्षणाने फुफ्फुसाच्या तळाकडे ओढलं जातं आणि एव्हीएम बहुधा तिथेच असतात, म्हणून गळती वाढते. इतर बऱ्याच छातीच्या रोग्यांना झोपल्यावर दम लागतो, यांना उठल्यावर. बोटांची टोकं त्याची लहानपणापासून फुगीर होती, "आमच्या घराण्यात अशीच बोटं" म्हणून सोडून दिलेली.

गोळ्यांबद्दल. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी गुठळीची शक्यता कमी करते, भोक बुजवत नाही, आणि जंतूंवर तर तिचा काडीचा उपयोग नाही. भावाची सध्याची गोळी स्वतःहून बंद करू नका, ते न्यूरोलॉजिस्टचं काम. पण गोळीला उपचार समजून बसू नका.

आणखी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी निसटते, ती म्हणजे लोह. २०१४ साली शॉव्हलिन यांच्याच गटाने पल्मनरी एव्हीएम असलेल्या ४९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या रक्तात लोह कमी, त्यांना पक्षाघात जास्त. सिरम आयर्न, म्हणजे रक्तातलं लोह, लिटरमागे १७ मायक्रोमोल असलेल्यांच्या तुलनेत ६ असलेल्यांचा धोका जवळपास दुप्पट. लोह कमी पडलं की प्लेटलेट्स जास्त चिकट वागतात, असं त्यामागचं स्पष्टीकरण आहे. ज्या घरात घोळणा वारंवार फुटतो तिथे लोह कमी असण्याची शक्यता मोठी. भावाचं फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) आणि सिरम आयर्न तपासलं नसेल तर उद्या तपासा. नुसतं हिमोग्लोबिन बघून समाधान मानू नका. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून शरीर लाल पेशी वाढवतं, त्यामुळे आकडा १६ दिसतो आणि आत लोहाचा खडखडाट असतो. काही ठिकाणी तर "रक्त घट्ट झालंय" म्हणून बाटलीभर रक्त काढून टाकतात. या रुग्णांत हे उफराटं काम आहे.

रोगनिदानाच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं, कारण दोन महिन्यांत नेमकं कारण हाती आलं. सगळ्यांचं तसं होत नाही. तरुण माणसाला पक्षाघात झाला की हृदयाचा बबल इको करतात. सलाइनमध्ये हवेचे सूक्ष्म बुडबुडे घुसळून ते हाताच्या शिरेत सोडायचे आणि इकोवर बघत राहायचं. फुफ्फुस शाबूत असेल तर बुडबुडे तिथेच जिरतात, हृदयाच्या डाव्या कप्प्यात एकही दिसत नाही. दिसले, तर ते कधी दिसले हे महत्त्वाचं. पहिल्या तीन ठोक्यांच्या आत आले तर हृदयाच्या पडद्याला छिद्र असण्याची शक्यता, त्याला पीएफओ म्हणतात. तीन-चार ठोके उलटल्यावर आले तर ते फुफ्फुसातून वळसा घालून आलेत. ठोके मोजायचे राहिले की घोटाळा होतो. पीएफओ चौघांतल्या एकाला असतंच, त्यामुळे ते "सापडतं" आणि सगळे निर्धास्त होतात. माझ्याकडे एकजण पीएफओ बंद करून झाल्यावर दुसरा पक्षाघात घेऊन आला होता. छातीचा सीटी कुणी काढलाच नव्हता. डाव्या फुफ्फुसात दोन एव्हीएम होते.

आपल्याकडची दुसरी गल्लत टीबीची. एक्स-रेवर फुफ्फुसात गोल डाग आणि खोकल्यातून रक्त म्हटलं की आपल्या देशात पहिला संशय टीबीचा येतो, आणि यायलाच हवा. पण थुंकी निगेटिव्ह, वजन छान, ताप नाही, आणि सहा महिन्यांच्या औषधांनंतर डाग जसाच्या तसा, असं असेल तर थांबून विचार करायला हवा. साधारण पन्नाशीच्या एक काकू टीबीचे दोन कोर्स पूर्ण करून आल्या होत्या. त्यांच्या डागाची सुईने बायोप्सी करायची तारीखही ठरली होती. सुदैवाने आदल्या दिवशी एका शिकाऊ डॉक्टरला सीटीत त्या डागाला जाऊन मिळणाऱ्या दोन जाड वाहिन्या दिसल्या. एक येणारी, एक जाणारी. एव्हीएममध्ये सुई घालणं म्हणजे काय, हे मला इथे लिहायचं नाही.

हा आजार माणसाला ठाऊक होऊन सव्वाशे वर्षं झाली. १८९७ साली इंग्लंडमध्ये चर्टन यांनी शवविच्छेदनात पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं. पुढे बराच काळ फुफ्फुसाचा तेवढा भाग कापून काढणं एवढाच इलाज होता. १९७७ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये पोर्स्टमान यांनी हाताने वळलेली स्टीलची वेटोळी नळीतून सोडून वाहिनी आतून बंद केली. नंतर अमेरिकेत रॉबर्ट व्हाइट यांनी हे तंत्र घडवलं, रुळवलं. आज आम्ही करतो ते त्याचंच सुधारलेलं रूप.

भावाला प्रत्यक्षात काय होईल ते सांगतो, कारण माणूस न कळलेल्या गोष्टीलाच जास्त घाबरतो. बहुतेक वेळा भूल देत नाही. जांघेतली जागा बधिर करून तिथल्या शिरेत साधारण दोन-तीन मिलिमीटरची नळी घालतो. छाती उघडत नाही, टाका नाही. कॅथेटर हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून पुढे जाताना दोन-चार ठोके चुकल्यासारखे वाटतात. मग फुफ्फुसाच्या धमनीत डाय सोडून चित्र घेतो. त्या वेळी छातीत गरम लाट आल्यासारखं होतं. "श्वास घ्या, रोखा" असं वीस-पंचवीस वेळा ऐकावं लागेल. त्यात चालढकल करू नको म्हणावं, कारण श्वास हलला की चित्र हलतं.

नेमकं कुठे बंद करायचं, यात खरी कसोटी असते. फुगवट्याच्या अगदी तोंडाशी, शक्य असेल तर थोडं आत, प्लॅटिनमची कॉइल (तारेचं वेटोळं) किंवा नायटिनॉल नावाच्या मिश्रधातूच्या जाळीचा प्लग, म्हणजे बूच, बसवायचा. मागे, सोयीच्या जागी बसवला तर वाटेतल्या चांगल्या फांद्या फुकट जातात आणि पुढेमागे शेजारच्या फांद्या त्याच सॅकला रक्त पुरवायला लागतात. नवशिके हीच चूक करतात. मीही केलीय, आणि तो रुग्ण तीन वर्षांनी पुन्हा टेबलावर घ्यावा लागला. प्लग वाहिनीपेक्षा सुमारे तीस ते पन्नास टक्के मोठा निवडतात, म्हणजे तो घट्ट बसतो. पाच मिलिमीटरची एकच वाहिनी असेल तर तासा-दीड तासाचं काम. रात्रभर दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी घरी.

धोके लपवणार नाही. सगळ्यात मोठी भीती कॉइल किंवा प्लग सुटून भोकातूनच पलीकडे जाण्याची. ते मेंदूकडेही जाऊ शकतं. अनुभवी हातात हे शंभरात एखाद्या वेळी, किंवा त्याहून कमी घडतं. दुसरी गोष्ट हवेची. आमच्या नळीतून हवेचा बुडबुडा शिरला तर तो याच पळवाटेने निसटतो. पाठीवर झोपलेल्या माणसात उजवी कोरोनरी धमनी वरच्या बाजूला असते आणि हवा वर चढते. त्यामुळे क्षणभर छातीत दुखतं, ईसीजी हृदयविकारासारखा दिसतो, आणि बहुधा काही मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. हे टाळायला आम्ही तारा बदलताना कॅथेटरचं तोंड सलाइनच्या भांड्यात बुडवून ठेवतो. बघणाऱ्याला हा सोवळ्याओवळ्याचा प्रकार वाटतो, पण माझ्या कॅथलॅबमध्ये त्यात सूट नाही.

घरी गेल्यावर साधारण दहातल्या एकाला दुसऱ्या ते चौथ्या दिवशी श्वास घेताना बरगडीत कळ येते, थोडा ताप येतो. बंद झालेल्या भागाजवळच्या फुफ्फुसावरणाला सूज आल्याचं ते लक्षण आहे. वेदनाशामक गोळीने चार-पाच दिवसांत जातं. रात्री दोन वाजता फोन येऊ नये म्हणून मी हे आधीच सांगून ठेवतो. तरी फोन येतोच.

फुफ्फुसात रक्तदाब फार वाढलेला असेल तर एव्हीएम बंद करण्यापूर्वी शांतपणे विचार करावा लागतो, कारण ती पळवाट त्या वेळी हृदयाचा भार हलका करत असते. भावाच्या इकोत तो आकडा आला असेल, डॉक्टरांना विचारा.

लहान वाहिन्यांबद्दल नेहमी विचारलं जातं. पूर्वी ३ मिलिमीटरच्या खाली हात लावायचा नाही असा दंडक होता. आता पक्षाघात लहान वाहिन्यांमधूनही होतो हे कळल्यावर, जिथे बारीक कॅथेटर पोचतो तिथल्या २ ते ३ मिलिमीटरच्याही बंद करतात. माझं मतही तेच. भावाच्या सीटीत आणखी बारीक एव्हीएम आहेत का, हे रेडिओलॉजिस्टला मुद्दाम विचारा. रिपोर्टमध्ये मोठा एव्हीएम दिसला की नजर तिथेच थांबते.

बंद केलं म्हणजे कायमचं संपलं, असं नाही. सहा महिने ते वर्षभरात एक सीटी, पुढे साधारण दर तीन वर्षांनी. सॅक आक्रसलेली दिसायला हवी. जशीच्या तशी असेल तर कुठूनतरी रक्त पोचतंय, पुन्हा बघावं लागेल. आणि काही सवयी जन्मभराच्या. दात काढण्याआधी किंवा हिरड्यांच्या कुठल्याही कामाआधी प्रतिजैविकाचा एक डोस. हे उपचारानंतरही, कारण डोळ्याला न दिसणारी बारीक भोकं राहतातच. दात स्वच्छ ठेवणं इथे मेंदूचं संरक्षण आहे. सलाइन लावताना नळीत एकही बुडबुडा नको, जमल्यास फिल्टर लावून. नर्सला रुग्णाने स्वतः सांगायचं, लाजायचं नाही. मालवण-तारकर्लीला गेलात तर बोटीतून फिरा, स्नॉर्केल करा, पण सिलिंडर लावून स्कुबा डायव्हिंग अजिबात नाही. एमआरआय या कॉइल-प्लगसह करता येतो. फक्त डिव्हाइसचं कार्ड सांभाळून ठेवा.

आता घोळणा. आपल्याकडे घोळणा फुटला की "उष्णता झाली" म्हणतात, डोक्यावर पाणी मारतात, कांदा हुंगायला देतात. बहुतेक घरांत तेवढं ठीक आहे. पण बापाचा फुटतो, मुलीचा फुटतो, आणि मुलाच्या फुफ्फुसात एव्हीएम, हे तिन्ही एकत्र आलं की मी कांद्यावर थांबत नाही. पल्मनरी एव्हीएम असलेल्यांपैकी बहुतांश लोकांना एचएचटी नावाचा रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार असतो. रांदू, ऑस्लर आणि वेबर या तिघांनी १८९६ ते १९०७ दरम्यान त्याचं वर्णन केलं. साधारण पाच हजारांत एकाला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कुरासाव निकषांत चार खुणा आहेत: आपोआप वारंवार घोळणा फुटणं, ओठ-जीभ-बोटांवर दाबल्यावर फिके पडणारे लाल ठिपके, आतल्या अवयवांत एव्हीएम, आणि आईवडील-भावंडं-मुलांपैकी कुणाला हा आजार. तीन जुळल्या की निदान पक्कं. आपल्या सावळ्या त्वचेवर ठिपके सहज दिसत नाहीत. ओठ उलटून आणि जीभ बाहेर काढायला लावून उजेडात बघावे लागतात. भावाच्या बाबतीत एव्हीएम आहे. घोळणा फुटतो का, जिभेवर ठिपके आहेत का, हे तुम्ही आज संध्याकाळीच बघू शकता.

त्याला एचएचटी निघाला तर ताई, पुढचा नंबर तुमचा. हा आजार पालकाकडून मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी, मुलगा-मुलगी भेद नाही. आधी भावाची जनुक तपासणी करा, बहुधा दोष ईएनजी किंवा एसीव्हीआरएल१ या जनुकांत सापडतो. सापडला की तुमच्यात फक्त तोच शोधायचा, आणि तुमच्यात नसेल तर तुमच्या मुलीची काळजी तिथेच मिटली. भावाचा दोष सापडला नाही तरी तुमचा बबल इको करायचाच, आणि तो पॉझिटिव्ह आला तर पातळ कापांचा, डाय न घालता छातीचा सीटी. निगेटिव्ह आला तरी साधारण पाच वर्षांनी पुन्हा. मुलीसाठी लगेच सीटी नको. झोपून आणि बसून ऑक्सिमीटर, गरज वाटल्यास बबल इको.

दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर ही तपासणी त्याआधी करा. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, एव्हीएम फुगतात आणि क्वचित छातीत फुटतात. आजार आधीच माहीत असलेल्या स्त्रिया अशा प्रसंगातून जास्त सुखरूप बाहेर पडतात, हे आकडेवारीतूनही दिसलंय. गरोदरपणात सापडलाच तर चौथ्या महिन्यानंतर, पोटाला किरणांपासून जपत, बंद करता येतो. मी केलाय.

खर्चाचं विचारलं नाहीत, पण विचाराल. फरक पडतो तो प्लग-कॉइल किती लागतील यावर. एक प्लग पुरेल की सहा कॉइल लागतील, हे सीटी बघून आधी अंदाजाने सांगता येतं, तेवढं लेखी घ्या आणि विमा कंपनीकडे पाठवा. डॉक्टरांना एकच विचारा: तुम्ही फुफ्फुसातले एव्हीएम वर्षाला किती करता? हा प्रश्न ऐकून त्यांना राग आला तर दुसरीकडे जा. आणि कुठेही गेलात तरी सीटीची फिल्म नेऊ नका, सीडी न्या, एक-दीड मिलिमीटरच्या कापांची. फिल्मवर पाच मिलिमीटरचे काप छापलेले असतात, आणि आम्हाला जी वाहिनी मोजायची असते ती नेमकी दोन कापांच्या मध्ये हरवते.